पोवळ्याचे भाऊबंद

जळगावच्या सराफ बाजारात पोवळे नवे नाही. मंगळाची अंगठी म्हटली की लाल पोवळे आलेच. पण ते एका समुद्री प्राण्याचा सांगाडा आहे, भूमध्य समुद्राच्या तळाशी कधीकाळी तो जिवंत होता, हे सांगितले तर बरेच जण हसून सोडून देतात. त्याच पोवळ्याचे जिवंत भाऊबंद काचेच्या टाकीत घरी ठेवता येतात. समुद्रापासून एवढ्या लांब, पंचेचाळीस अंशांच्या गावातही. फक्त घाई चालत नाही.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते समजून घेऊ. ती वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. फुलासारखे दिसणारे इवलेसे प्राणी एकमेकांना चिकटून वस्ती करतात. अशा एका प्राण्याला पॉलिप म्हणतात. त्यांतल्या पुष्कळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते आणि उजेडावर अन्न तयार करून भाडे चुकते करते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरेफटक होते. याला विरंजन म्हणतात. खान्देशात टाकी ठेवायची तर आपल्या बहुतेक खटपटी या एका गोष्टीला टाळण्यासाठीच असतात.

आता कायदा, कारण खरेदीच्या आधी तो माहीत हवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, 2001 साली सगळी कठीण प्रवाळे आली. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, बासरीच्या नळ्यांसारखे दिसणारे ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही त्यात आहेत. या यादीतले जीव बाळगण्याची शिक्षा किमान तीन वर्षे कैद आहे. शोभेसाठी विकले जाणारे मेलेले पांढरे प्रवाळही यातून सुटत नाही. ‘लाइव्ह रॉक’ नावाने मिळणारा दगडही अनेकदा खऱ्या प्रवाळभिंतीचा तुकडाच असतो. त्याऐवजी भट्टीत भाजलेला कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावा. जिवाणू त्यावरही छान वसतात.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. हॅमर, टॉर्च अशा नावांची प्रवाळे पाण्यात मऊ बोटांसारखी डुलतात. दुकानदारही निर्धास्तपणे ‘सॉफ्टच आहे’ म्हणतो. पण बुडाशी पाहावे. तिथे पांढरा टणक सांगाडा असतो, म्हणजे ते कठीण प्रवाळच. ब्रेन आणि ॲक्रोपोरा यांचेही तेच. आपल्यासाठी उरतात ती मऊ प्रवाळे आणि त्यांच्यासारखेच टणक सांगाडा नसलेले जीव. गंमत म्हणजे अंगठीतले पोवळेही नात्याने मऊ प्रवाळांच्याच बाजूचे: त्याच्या पॉलिपला त्यांच्यासारख्याच आठ शुंडिका, म्हणजे बोटांसारखे अवयव असतात. टाकीत वाढवलेल्या तुकड्यांचाच आग्रह धरावा, जातीचे नाव लिहिलेले बिल घ्यावे आणि शंका आली तर वनविभागाच्या कार्यालयात विचारून यावे. बिल द्यायला टाळाटाळ होत असेल तर तिथून निघावे.

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच घेतली तर साधारण 88 लिटर पाणी मावते. दगड-वाळू टाकल्यावर 70 लिटर उरते. याहून लहान टाकी स्वस्त दिसते, पण पाणी जितके कमी तितके ते लवकर तापते आणि लवकर बिघडते. टाकी आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी. पत्र्याच्या खोलीत तर नकोच. जुन्या धाब्याच्या घरात राहणाऱ्यांचे इथे नशीब चांगले. मातीच्या छताखालची खोली दुपारी सिमेंटच्या स्लॅबपेक्षा बरीच गार असते.

पाणी नळाचे चालत नाही आणि बोअरचे तर मुळीच नाही. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार आणि नायट्रेट टाकीत शेवाळ माजवतात. आरओचे पाणी घ्यावे, पण घरचा आरओही सगळे क्षार काढत नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी पेनाएवढी वस्तू, बुडवून पाहावी. आकडा शून्याजवळ नसेल तर आरओनंतर क्षार शोषणारी डीआय रेझिनची नळी जोडावी. आरओमध्ये चव येण्यासाठी क्षार परत मिसळणारा भाग असेल तर पाणी त्याच्या आधीच काढून घ्यावे.

या पाण्यात मत्स्यालयाचे समुद्री मीठ, लिटरमागे 35 ते 38 ग्रॅम, विरघळवायचे. स्वयंपाकाचे मीठ नाही आणि सैंधवही नाही, कारण समुद्रात मिठाखेरीज कॅल्शियम, मॅग्नेशियम असे पुष्कळ काही असते. रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणात थेंब टाकून घनता 1.025 आली की झाले. मीठ टाकीत नव्हे, बादलीत मिसळावे, रात्रभर ढवळत ठेवावे. बादली प्लास्टिकची हवी. तांब्या-पितळेचा हंडा या कामाला वापरू नये. तांब्याचा अंश प्रवाळांना विष ठरतो. माशांच्या काही औषधांतही तांबे असते, ती या टाकीत कधीच नकोत.

मग थांबायचे. टाकीतली घाण कुजून आधी अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणी किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही जीव सोडू नये. त्यानंतर आधी मासे सोडावेत, प्रवाळासाठी आणखी महिना-दोन महिने जाऊ द्यावेत. दगडांवर तपकिरी, मग हिरवट थर येतो आणि ओसरतो. तो टाकी वयात येण्याचा भाग आहे. या काळात क्लाउनफिशची एक जोडी पुरे, तीही हॅचरीत जन्मलेली.

आता उन्हाचे. प्रवाळाला 24 ते 27 अंश मानवतात. 30 च्या वर पाणी काही दिवस राहिले की विरंजनाची भीती. चिलर म्हणजे पाणी गार करणारे यंत्र मिळते, पण महाग आहे आणि वीजही खाते. आपल्याकडे त्याआधी एक उपाय करून पाहावा, जो मुंबईकराला तितकासा लाभत नाही. मे महिन्यात आपली हवा कडक कोरडी असते. टाकीच्या झाकणाऐवजी जाळी लावून पाण्यावर छोटा पंखा तिरपा सोडला की माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने टाकी गार होते. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता घेऊन जाते की 70 लिटर पाणी आठ अंशांनी उतरावे. खोलीची आणि दिव्याची उष्णता सतत आत येत असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक चार-पाच अंशांचाच पडतो. भर उन्हात तेवढा पुरेलच असे नाही. पंखा लावूनही काटा 30 खाली येत नसेल तर चिलर किंवा एसीची खोली याला पर्याय नाही. कूलरच्या खोलीत हवा आधीच दमट असते, तिथे पंख्याचा जोर कमी पडतो, पण खोलीच गार असते.

मात्र पाणी उडते, मीठ उडत नाही. 70 लिटरमधले तीन लिटर उडाले तर लिटरमागे 35 ग्रॅम असलेले मीठ साडेछत्तीसच्या वर जाते, आणि मेमध्ये तीन लिटर उडायला फार दिवस लागत नाहीत. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी रोज कमी झालेले पाणी मिठाच्याच पाण्याने भरत गेलो. समुद्राची टाकी, मग समुद्राचेच पाणी घालायचे, असा सरळ हिशेब! दोन आठवड्यांत घनता 1.030 च्या पुढे गेली आणि टाकीतले मशरूम प्रवाळ सुकलेल्या खारकेसारखे आक्रसले. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी साध्या, बिनमिठाच्या आरओ पाण्याने करावी. काचेवर मार्करने रेघ ओढून ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ तिथपर्यंत भरावे. मिठाचे पाणी फक्त आठवड्याच्या दहा टक्के बदलापुरते.

हिवाळ्यात उलटे. पहाटे दहा अंशांपर्यंत पारा उतरतो, तेव्हा थर्मोस्टॅट असलेला 100 वॉटचा हीटर हवा. आणि लाइट गेली तर? पंखा बंद म्हणजे उष्णता, आणि पाणी फिरवणारा पंप बंद म्हणजे प्राणवायूची चणचण. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप आणून ठेवावा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर पंप आणि पंखाच जोडावा. दिवा बंद राहिला तर एखादा दिवस काही बिघडत नाही.

निवडीत पहिला मान मशरूम प्रवाळाचा, म्हणजे डिस्कोसोमाचा. कमी उजेड, मंद प्रवाह, थोडे गढूळ पाणी, सगळे चालते. त्यानंतर लेदर, म्हणजे सार्कोफायटन: चामड्यासारखा देठ आणि वर छत्री. झोअँथिडची रंगीत बटणे फार मोहक, पण त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. हातमोजे घालूनच हाताळावे, हाताला जखम असेल तर हात लावू नये, आणि तो दगड कधीही उकळू किंवा गरम पाण्याने घासू नये, कारण वाफेतून विष श्वासात जाते. घरात लहान मुले असतील तर मी म्हणेन, पहिले वर्ष झोअँथिड नकोच. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया ही दोन्ही गाजरगवतासारखी पसरतात. ती आणलीच तर मुख्य दगडांपासून अलग, वाळूतल्या एकट्या दगडावर बसवावीत.

दुकानात पाहताना प्रवाळ उमललेले आहे का, कडा फाटलेल्या किंवा चिकट तपकिरी नाहीत ना, हे पाहावे. दगडावर पारदर्शक तपकिरी, नारळाच्या झाडासारखे छोटे प्राणी दिसले तर तो तुकडा घेऊ नये. त्याला ऐप्टेशिया म्हणतात. एकदा टाकीत शिरला की काढता काढता नाकी नऊ येतात.

माल बहुधा मुंबईहून येतो. जळगावपर्यंत रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या डब्यात आणावे. एप्रिल-मेमध्ये मागवूच नये, कितीही सवलत असली तरी.

घरी आल्यावर दिवे मंद करावेत. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास टाकीत तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळते. मग प्रवाळ भांड्यात घेऊन टाकीचे पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडावे, पाऊण तासात भांड्यातले पाणी दुप्पट होईल इतके. मग कोरल डिपमध्ये, म्हणजे कीड काढणाऱ्या औषधी पाण्यात, बाटलीवरच्या वेळेइतके बुडवून हलवावे आणि टाकीच्या वेगळ्या काढलेल्या पाण्यात खळबळावे. पिशवीतले पाणी मोरीत. ते टाकीत ओतणे ही सगळ्यात स्वस्त वाटणारी आणि महागात पडणारी चूक.

पहिला आठवडा प्रवाळ तळाशी ठेवावे, मग पाहिजे तर वर सरकवावे. दिवा सुरुवातीला पाच-सहा तास, पुढे आठ. दुकानातल्या मंद उजेडातून आलेल्या जिवाला एकदम पूर्ण दिवा म्हणजे घरात वाढलेल्या रोपाला मेच्या उन्हात ठेवणे.

मग हात मागे. लेदर कधी कधी आठवडाभर मिटून बसते, अंगावर मेणचट पापुद्रा येतो. मेले समजून कितीतरी जण ते फेकून देतात. खरे तर ते कात टाकत असते. पंपाचा झोत थोडा तिकडे वळवला की पापुद्रा निघून जातो आणि छत्री पुन्हा उघडते. खरोखर मेलेले प्रवाळ लिबलिबीत होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तसे झाले तर मात्र तासाभरात बाहेर काढावे.

दुसरे प्रवाळ तीन-चार आठवड्यांनीच. मऊ प्रवाळे शेजाऱ्याला दूर ठेवण्यासाठी पाण्यात रसायने सोडतात, म्हणून दोघांत वीतभर अंतर ठेवावे आणि फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी घालून ती महिन्याला बदलावी.

सगळे नीट चालले तर वर्षभरात मशरूमच्या बुडाशी बाळे दिसू लागतात. ती धारदार ब्लेडने सोडवून छोट्या कृत्रिम दगडावर, जाळीच्या तुकड्याखाली आठवडाभर ठेवली की चिकटतात. मी पहिले बाळ धुळ्याच्या मेहुण्याकडे नेले: रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत, अर्धे पाणी अर्धी हवा, बरणी थर्माकोलच्या डब्यात आणि डबा मांडीवर, सकाळच्या पहिल्या एसटीने. पारोळ्याला शेजारच्या बाईंनी विचारले, दही आहे का?