हॉकनचे सुटे भाग

अमेरिकेतल्या ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांमध्ये एक भांडण पन्नासहून अधिक वर्षे धुमसते आहे. १९७० साली न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टर गावच्या थॉम्प्सन/सेंटर कारखान्याने एक ठासणीची रायफल बाजारात आणली. वॉरन सेंटर हा तिथला कसबी डिझायनर. रायफलीला नाव दिले ‘हॉकन’. तयार रायफल घ्यायची नसेल, तर तीच सुट्या भागांच्या खोक्यात मिळे : अठ्ठावीस इंची अष्टकोनी नळी, अर्धवट कोरलेला अक्रोडाचा दस्ता, ओबडधोबड पितळी ओतीव भाग, लॉक म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, दुहेरी चाप आणि स्क्रूची पुडी. जाणकारांचे म्हणणे, ही हॉकनच नव्हे. खरी हॉकन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात सेंट लुईसच्या हॉकन बंधूंनी घडवलेली, लांब आणि जड, तिचे साहित्य लोखंडी. पितळेचा इतका चकचकाट तिच्यावर नसतो, आणि लॉकमध्ये पातळ पट्टीची स्प्रिंग असते, गुंडाळीची नव्हे. शिवाय किटमधली असेल तर तिला बंदूकसुद्धा म्हणू नये, असे मानणारे आहेत.

मला हे भांडण मनापासून महत्त्वाचे वाटते, कारण माझी ओढ त्याच्याही आधीची आहे. सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. डुकरांसाठी आणि माकडांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि लहानपणी तिला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. गज, केप, दारू हे शब्द घरातलेच. पुढे ओहायोत स्थायिक झालो, आणि एका घरसामानाच्या विक्रीत थॉम्प्सन/सेंटरचे जुने, न जोडलेले खोके हाती लागले. भारतात अशी बंदूक १९५९च्या शस्त्र कायद्याखाली येते. परवान्याशिवाय ती जोडणे हा गुन्हाच. अमेरिकेत मात्र १९६८च्या केंद्रीय कायद्याने, तयार काडतूस न वापरणाऱ्या जुन्या धर्तीच्या बंदुकांना नेहमीच्या बंदुकांच्या व्याख्येबाहेर ठेवले. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी पाहावेच लागतात. पण याच सवलतीमुळे ही खोकी टपालाने लोकांच्या घरी पोहोचत राहिली.

या बंदुकांच्या छंदाचा इतिहास भराभर सांगतो. ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ची. तिचे माहेर ओहायोतच, पोर्ट्समथला १९३१ साली झालेल्या एका नेमबाजी सामन्यात. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी तिची मैदाने आहेत. टेनेसीतल्या युनियन सिटीत टर्नर कर्कलंडने १९५४ साली डिक्सी गन वर्क्स सुरू केले आणि जुन्या बंदुकांच्या भागांची जाडजूड यादी घरोघर पाठवली. व्हॅल फोर्जेटने अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीसाठी इटलीतल्या गार्दोने गावात कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती करवून घेतल्या. १९७२ साली रॉबर्ट रेडफर्डचा ‘जेरमाया जॉन्सन’ आला, त्यात नायक हॉकन हवी म्हणतो, आणि मग देशभर सगळ्यांनाच ती हवीशी झाली. खोक्यांचा सुकाळ याच दशकातला.

आता मूळ हॉकन. जेकब हॉकन १७८६चा, सॅम्युअल १७९२चा. हे दोघे भाऊ मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनच्या बंदूककार घराण्यातले. जेकब हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत काम करून सेंट लुईसला गेला, मागून सॅम्युअल आला, आणि १८२५च्या सुमारास दोघांचे दुकान एक झाले. रॉकी पर्वतात कातड्यांसाठी जाणाऱ्या माणसांचा रस्ता तिथूनच जाई. जेकब १८४९च्या कॉलऱ्यात गेला. सॅम्युअलने १८५९ साली सदुसष्टाव्या वर्षी सोन्याच्या गर्दीबरोबर डेन्व्हर गाठले, तिथल्या ‘रॉकी माउंटन न्यूज’मध्ये बंदूककार म्हणून जाहिरात दिली, मग परतला. दुकान जॉन गेमर या जर्मन कारागिराकडे गेले आणि गेमरने ते १९१५ पर्यंत चालवले. विशेष म्हणजे दुकान घेतल्यावरही काही वर्षे गेमर ‘एस. हॉकन’ हाच शिक्का नळ्यांवर मारत होता. म्हणजे संग्रहालयातल्या काही अस्सल हॉकनना कोणत्याच हॉकनचा हात लागलेला नाही.

आणि लॉक? त्या काळच्या अमेरिकी रायफलींची लॉके उलगडून पाहा. इंग्लंडच्या अ‍ॅशमोरची, फिलाडेल्फियाच्या गोल्चरची नावे त्यांच्या पाट्यांवर कोरलेली दिसतात. हॉकनच्या रायफलींवर सेंट लुईसमधल्या हार्डवेअरच्या व्यापाऱ्याचे, अडॉल्फस मायरचे नाव असलेली लॉके आढळतात. बंदूककार ती विकत आणायचा, दस्त्यात बसवायचा, नळीशी जुळवायचा. अख्खी बंदूक एका माणसाने ऐरणीवर घडवायची, हे चित्र मनात ठसवले ते १९६९च्या ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ या अनुबोधपटाने. त्यात वॉलेस गस्लर लोखंडाच्या पट्टीपासून नळीही स्वतः वळतो. अप्रतिम चित्रपट आहे तो, आणि गस्लरइतका कसबी माणूस विरळा. पण त्यावरून सेंट लुईसच्या दुकानाचा अंदाज बांधणे चुकीचे. तिथे चांगले भाग पारखून घेणे आणि ते चोख जुळवणे हेच निम्मे कसब होते. किटवाल्यांना हिणवणाऱ्यांनी हे मान्य केले पाहिजे.

हॉकनचे वैभव आज इतके मोठे वाटते, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती जवळजवळ अडगळीत गेली होती. मागून भरायच्या ब्रीचलोडर आणि विंचेस्टर रायफलींनी ठासणी संपवली होती. तेव्हा तिच्याकडे गंभीरपणे पाहणारा माणूस होता एक ग्रंथपाल. होरेस केफर्ट, जन्म १८६२, पेनसिल्व्हेनियाचा. १८९०पासून तो सेंट लुईसच्या मर्कंटाइल लायब्ररीचा प्रमुख होता. पश्चिमेच्या इतिहासाची पुस्तके, कागदपत्रे त्याने तिथे जमवली. त्याच शहरात, १८९०च्या दशकात, त्याला न वापरलेली हॉकन मिळाली. कोणी चालवलेली नाही, नळीतल्या खाचा जशाच्या तशा. त्याने ती भिंतीवर टांगली नाही. मैदानात नेऊन दारूचे वेगवेगळे माप टाकून चालवली, मोजमापे घेतली आणि नेमबाजीच्या नियतकालिकांतून लिहिले. जुन्या शिकाऱ्यांच्या आठवणी रंगतदार होत्या, पण केफर्टने त्यांच्यासमोर एक चाचणी ठेवली. हॉकन म्हणजे काय हे त्यांच्या गप्पांवरून ठरवायचे नाही, तिने गोळी कशी टाकली यावरून ठरवायचे. माझ्या मते हॉकनचे संशोधन खऱ्या अर्थाने त्या मैदानावर सुरू झाले.

केफर्टचे पुढचे आयुष्य सोपे नव्हते. दारूच्या व्यसनाने आणि जंगलाच्या वेडाने त्याची नोकरी १९०३ साली संपली. पुढच्या वर्षी तो मनाने कोसळला, बायको सहा मुलांना घेऊन इथाकाला गेली, आणि तो नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात हेझल क्रीकला एका झोपडीत राहायला गेला. त्या डोंगरांतून त्याची दोन मोठी पुस्तके आली : १९०६चे जंगलात राहण्याविषयीचे ‘द बुक ऑफ कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’ आणि १९१३चे डोंगराळ लोकांवरचे ‘अवर सदर्न हायलँडर्स’. ग्रेट स्मोकी माउंटन्सचे राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून तो शेवटपर्यंत लढला. १९३१च्या एप्रिलमध्ये मोटार अपघातात गेला. उद्यान १९३४ साली झाले, त्यातल्या एका शिखराला त्याचे नाव आहे. बायको आणि सहा मुलांच्या वाट्याला त्याच्या जंगलवेडाचे काय आले, हेही त्याच्या चरित्रात नीट लिहिले गेले पाहिजे. त्याच्या रायफलीवरच्या लेखांवर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे, कारण त्यात ऐकीव गोष्ट आणि मोजलेली गोष्ट वेगळी ठेवलेली दिसते.

माझ्या खोक्याशी त्याचा संबंध इतकाच की जोडणी करताना मी त्याच्याच पद्धतीने प्रश्न विचारत राहिलो. जुने किट घेणाऱ्याने आधी नळीत उजेड टाकून पाहावे. बाहेरचा गंज घासून जातो, आतल्या खाचांत खड्डे पडले तर नळी गेली. मग यादी घेऊन स्क्रू मोजावेत, कारण हरवलेला एक स्क्रू पुष्कळ शोधायला लावतो. आणि पाहावे की आधीच्या मालकाने किती काम केले होते. माझ्या खोक्यातल्या दस्त्याच्या टोकाला, बट प्लेट जिथे बसते तिथे, पटाशीच्या दोन-तीन घावांनंतर काम थांबलेले होते. बहुतेक किटे तिथेच थांबतात.

कारण ती वळणाची पितळी प्लेट लाकडावर घट्ट बसवणे हीच पहिली परीक्षा. प्लेटच्या आतल्या बाजूला काजळी लावायची, लाकडावर दाबायची, उचलायची. काळे डाग उठले तेवढेच तासायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. हळूहळू डाग पसरतात आणि एक दिवस सगळी कडा काळी उठते. घाई करून जास्त तासले तर फट राहते, आणि ती भरून काढता येत नाही. कित्येक दशके पडून असलेल्या अक्रोडाची आणखी एक गंमत आहे. लाकूड रेषांच्या आडवे आटते, धातू आटत नाही. त्यामुळे लॉकसाठी कारखान्यात कोरलेली खाच आता घट्ट झाली होती. लॉक ठोकून बसवायचा मोह टाळला पाहिजे, लाकूड तिथेच चिरते.

नळीवरचे यंत्राचे ओरखडे काढायला कानस दोन्ही हातांनी आडवी धरून लांबीच्या दिशेने ओढायची. आठ बाजू, आणि कडा गोल होता कामा नये. कडा धारदार ठेवता आल्या की अष्टकोनी नळी खरोखर देखणी दिसते. मग ब्राउनिंग, म्हणजे मुद्दाम आणलेला गंज. तेलाचा अंशही न ठेवता नळी स्वच्छ करायची, द्रावण एका दिशेने पुसायचे, दमट हवेत गंज चढू द्यायचा, तो हलक्या हाताने खरवडायचा, पुन्हा द्रावण. प्रत्येक फेरीला रंग गडद होतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती क्रिया थांबवायची आणि तेल चोळायचे. बोटांचा ठसा उमटला तर पुन्हा कानशीपासून सुरुवात. दस्ता ओला करून लाकडाचे तंतू उठवायचे, सुकल्यावर घासून काढायचे, असे दोन-तीनदा करून मग अळशीचे तेल, हाताच्या उष्णतेने जिरवत.

पितळ मी काढले नाही. लोखंडी साहित्य विकत मिळते, मित्रांनी आग्रहही केला. पण ही १९७०च्या दशकातली रायफल आहे, १८४०ची नव्हे, आणि तिच्या काळातले तिचे पितळ खरे आहे. एका बाबतीत मात्र शुद्धतावाद्यांचे मी ऐकले. कारखान्याने मागची साइट स्क्रूवर खालीवर होणारी दिली होती. मूळ हॉकनच्या साइट स्थिर असत, पुढची मुद्दाम उंच ठेवलेली. चालवायची, गोळी कुठे लागते ते पाहायचे, पुढची कानशीने थोडी उतरवायची. जितकी उतरवाल तितकी गोळी वर लागते. मी तशाच साइट बसवल्या. पहिले बार मात्र खांद्याला लावून काढले नाहीत. बंदूक टायरला बांधून, लांबून दोरीने चाप ओढला, कारण घरी जोडलेल्या कोणत्याही ठासणीवर आधी असाच भरवसा मिळवावा लागतो. त्यानंतर .४९० इंचाची गोळी कापडात गुंडाळून, काळ्या दारूचे मध्यम माप घालून पन्नास यार्डांवर बसलो. गोळ्या एकत्र पडतात, पण अजून चार बोटे खाली. कानस हाताशी आहे, आणि अजून दोन-तीन वेळा साइट उतरवावी लागेल.