पेराएवढे प्रवासी

हावडा ते मुंबई धावणारी गीतांजली एक्सप्रेस घरात मांडायची आहे? मग आधी टेबल मोजा. मॉडेल-रेल्वेवाल्यांचं एक लाडकं माप आहे 1:87. त्याला ते ‘एचओ’ म्हणतात. खऱ्या गाडीतले 87 सेंटिमीटर म्हणजे आपल्याकडे फक्त 1 सेंटिमीटर. जुना निळा स्लीपर डबा असतो साधारण 21.3 मीटर लांब, तो झाला साडेचोवीस सेंटिमीटरचा. असे 20 जोडले तर जवळजवळ पाच मीटर! तेव्हा एकच डबा घेऊ, पण तो आतून भरू. बाहेरून कितीही झकास रंगवा, खिडकीतून पलीकडचं पुस्तकांचं कपाट दिसलं की सगळी मजा गेली.

आत काय काय हवं? आधी बाक. आणि गीतांजलीचे बाक म्हणजे थट्टा नाही बरं का! पूर्वी दुसऱ्या वर्गात नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. 1977 साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, आपल्या कोकणातून, राजापूरहून निवडून गेलेले. त्यांनी या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम घालायला लावला. 26 डिसेंबर 1977 ला सुरू झालेल्या गीतांजलीत तशा गाद्या होत्या, आणि पहिला वर्ग नव्हताच. सगळे प्रवासी सारखे!

आता ती गादी आपल्या मापात आणा. दोन इंच म्हणजे सुमारे 50 मिलिमीटर, भागिले 87. उत्तर अर्धा मिलिमीटर आणि थोडंसं. जाड कार्डाचा तुकडा निळा रंगवा, झाली गादी. खिडकीचे गज मात्र रडवतात. खरा गज 1 सेंटिमीटर जाड धरला, तर आपला भरतो केसाएवढा. तेवढा बारीक कापायच्या भानगडीत पडूच नका. पारदर्शक प्लास्टिकवर रेघा ओढा, डोळे खुशाल फसतात.

आणि प्रवासी? साडेपाच फुटी माणूस होतो 19 मिलिमीटरचा, बोटाच्या पेराहून लहान. जर्मनीची प्राइझर कंपनी अशी इवली माणसं बनवते, पण ती बहुतेक कोट-टोपीवाली. आपल्याला हवी लाल काठाची पांढरी साडी, हवी माकडटोपी (थंडी पडो न पडो, कोलकात्याच्या आजोबांची ती हवीच), हवा झालमुडीवाला, म्हणजे बंगाली भेळ विकणारा. मग टिश्यू पेपरचा पदर चिकटवायचा, टोपी रंगवायची. कोलकात्याहून साधारण शंभर किलोमीटरवर कृष्णनगरात घूर्णी नावाचा भाग आहे. तिथले कारागीर मातीतून कोळी, शेतकरी, विणकर अगदी हुबेहूब घडवतात. माणूस कसा बसतो, कसा वाकतो, हे शिकायचं तर त्यांची कामं बघा.

आता गंमत. खरा डबा सुमारे 40 टनांचा. आपला 87 पट लहान, म्हणून वजनही 87 पट कमी? छे! लांबी 87 पट कमी, रुंदी तितकीच कमी, उंचीही. म्हणून वजन 87 × 87 × 87, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटीनं कमी. 40 टनांचे उरले जेमतेम 60 ग्रॅम! इतका हलका डबा वळणावर सहज रुळावरून उतरतो. अमेरिकेतल्या मॉडेल-रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एवढ्या लांबीच्या डब्याला 160 ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. म्हणून बाकांखाली शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे लपवतात. जड भाग जितका खाली, तितका डबा कमी डगमगतो.

पण मॉडेलची फरशी खऱ्या मापापेक्षा जाड असते, त्यात हे तुकडे. बाक वर सरकतात आणि आजोबांची माकडटोपी छताला टेकते! यावर मॉडेलवाल्यांचा उपाय भयंकर आहे. ते प्रवाशांचे पाय कापतात. कुणाचे गुडघ्यापासून, कुणाचे कंबरेपासून. खिडकीतून दिसतात फक्त डोकी आणि खांदे, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. अख्खे पाय ठेवायचे फक्त टीसीचे. त्याला बसायला जागा कुठे असते?