डबक्याबाहेरचे बेडूकमासे

आंबोलीची पावसाळी सहल करून आलेल्या एका वाचकाने विचारलं आहे : रस्त्याकडेच्या कातळावरून पाणी नुसतं झिरपत होतं आणि त्यावर शेपटीवाले तपकिरी जीव चिकटले होते. बोट जवळ नेलं की टुणकन उडायचे. ही पालीची पिल्लं का?

पालीची नव्हेत, बेडकाची. इंडिराना नावाच्या गटातल्या बेडकांचे हे बेडूकमासे. याच गटातली ‘इंडिराना चिरावासी’ ही प्रजाती आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर या पुण्याच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये आंबोलीतूनच जगापुढे आणली. या बेडूकमाशाचं पोट चपटं, डोळे वर आलेले, शेपूट लांब आणि चिवट. मागचे पाय त्याला इतर बेडूकमाशांपेक्षा फार लवकर फुटतात. अंग जेमतेम ओलं राहील एवढ्या पाण्यात तो कातळावरचं शेवाळ खरवडून खातो आणि धोका वाटला की शेपटीच्या फटक्याने उडी मारतो. पोहण्याचा प्रश्नच नाही. पोहायला पाणी आहेच कुठे?

शाळेच्या पुस्तकातला बेडूकमासा डबक्यात राहतो. सदाहरित जंगलातल्या उतारावर मात्र पाणी सहसा थांबत नाही, आणि जिथे थांबतं तिथे मासे, चतुराच्या अळ्या, पाणसाप टपलेले असतात. त्यामुळे सह्याद्रीतल्या बेडकांनी पिल्लं वाढवायला भलभलत्या जागा शोधल्या. कुणी ओला कातळ धरला, कुणी धो-धो वाहणारा ओढा, कुणी चक्क वाळू. महाबळेश्वरकडच्या हुमायूनच्या रातबेडकाची मादी ओढ्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालते. पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात.

या मंडळींत माझा लाडका आहे तो जांभळ्या बेडकाचा बेडूकमासा. दक्षिण सह्याद्रीतला हा गलेलठ्ठ, टोकदार नाकाचा बेडूक जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली वाळवी खाण्यात घालवतो. मोसमी पावसाच्या तोंडावर तो मोजके दिवस वर येतो आणि ओढ्याच्या कातळातल्या खळग्यांत मादी हजारो अंडी घालते. मग पाऊस लागतो, ओढा फुगतो आणि पाणी दगडांवर आपटत उतरू लागतं. नेमक्या त्याच लोंढ्यात पुढचे तीनेक महिने पिल्लांना काढायचे असतात.

वाहून कशी जात नाहीत? न्हाणीघरात टाइलवर दाबून बसवायचा रबरी हुक आठवा. वाटी दाबली की आतली हवा निघून जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब तिला भिंतीशी धरून ठेवतो. या बेडूकमाशाकडे अशीच वाटी आहे, पण ती म्हणजे त्याचं तोंड. पंचाईत लक्षात आली ना? हुकाचं काम लटकण्यापुरतं असतं. इथे लटकायचं तोंडाने, आणि त्याच तोंडाने दगडावरचं शेवाळही खरवडून खायचं. पकड सोडावी तर लोंढा नेतो, न सोडावी तर उपाशी मरायचं. त्यातून मार्ग काढत तो लाखो वर्षं जगत आला आहे, याचं मला जांभळ्या रंगापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये या बेडकाचं वर्णन केलं, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. तो रास्तही होता, कारण याचे सर्वांत जवळचे नातेवाईक निघाले थेट सेशेल्स बेटांवर. भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचा भाग होते, तेव्हाची ही सोयरीक. पण ‘शोध’ म्हणायचं तर एक अडचण आहे. याच प्राण्याच्या बेडूकमाशाचं वर्णन 1917-18च्या सुमारासच छापून आलेलं होतं! झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल आणि बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी ते केलं होतं. पिल्लू कागदावर होतं, आईबाप बेपत्ता. ते मिळायला पंचाऐंशी वर्षं गेली. केरळातल्या डोंगराळ भागातल्या आदिवासींना तर हे बेडूकमासे कधीचे माहीत होते. ते पकडून खाल्ले जातात, इतके की त्यातून या बेडकाला धोका असल्याचं 2015 मध्ये नोंदवलं गेलं.

नारायण रावांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. बेडूक रंगावरून, आवाजावरून ओळखता येतो. बेडूकमाशाचं तोंड भिंगाखाली धरून ओठांवरच्या बारीक दातांच्या ओळी मोजाव्या लागतात. असलं वेळखाऊ काम करणाऱ्याच्या वाट्याला मथळे येत नाहीत. रावांनी दक्षिणेतल्या अनेक बेडकांची वर्णनं केली, पण त्यांचे मूळ नमुने पुढे कॉलेजातून गहाळ झाले आणि नंतरच्या अभ्यासकांना नुसत्या शब्दांवरून बेडूक शोधत फिरावं लागलं. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक. त्याच नियतकालिकात 2010 मध्ये झुडपी बेडकांच्या एका गटाला त्यांच्या सन्मानार्थ ‘राओरचेस्टिस’ हे नाव देण्यात आलं. गंमत अशी, की या गटातल्या बेडकांना बेडूकमाशाची अवस्थाच नसते. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. बेडूकमाशांवर डोळे शिणवलेल्या माणसाचा असा सत्कार!

न बघितल्याने न सापडणं हे आजही चालू आहे. पाय हलवून खुणा करणारे सह्याद्रीतले नर्तक बेडूक एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत, पण त्यांच्या बेडूकमाशांचं राहणीमान उलगडलं 2016 मध्ये. सगळे पाण्यात शोधत होते आणि ही पिल्लं ओढ्याच्या तळच्या वाळूत पुरलेली होती. ईलसारखं लांबट अंग, डोळ्यांवर कातडी, बेडूकमाशांत क्वचितच दिसणाऱ्या बरगड्या आणि आतड्यात वाळू. वाळूत मिसळलेला कुजका कचरा हेच त्यांचं अन्न.

एवढ्याशा जिवांनी ओढ्याला काय फरक पडतो, याचं उत्तर पनामातल्या एल कोपे इथे मिळालं. काइट्रिड बुरशीची साथ तिकडे सरकतेय हे ओळखून संशोधकांनी आधीच मोजमापं सुरू केली होती. 2004 मध्ये साथ आली, बेडूक मेले आणि ओढे बेडूकमाशांवाचून राहिले. दगडांवर शेवाळ दाटलं, गाळ साठू लागला. रोज दगड खरवडणारे हात, म्हणजे तोंडं, गेली होती.

आपल्याकडे साथीची गरजही नाही. ओढ्यावर छोटा बंधारा घातला की पाणी संथ होतं, दगड गाळाने माखतात आणि तोंडाची वाटी धरायला जागा राहत नाही. वाळू उपसली की नर्तक बेडकाचं पाळणाघर ट्रकमध्ये जातं. घाटरस्त्याचा झिरपता कातळ सिमेंटने लिंपला की इंडिरानाची पिल्लं संपली. यातल्या कुठल्याही ठिकाणी मोठा बेडूक दुसऱ्या दिवशी आवाज करताना सापडेलच, म्हणजे कागदावर सगळं आलबेल. म्हणून जंगलातल्या ओढ्याची पाहणी रात्री बेडकांचे आवाज मोजून संपवू नये. दिवसा परत जावं, दगड उलटावेत, वाळू चाळावी, आणि प्रत्येक दगड होता तसाच परत ठेवावा.