मनाच्या अभ्यासालाही खोली हवी

रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, हे सर्वांस मान्य आहे. मानसशास्त्राला मात्र खडू, फळा आणि ग्रंथ पुरेत, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः हे शास्त्र स्वतंत्र झाले तेच मुळी प्रयोगशाळेमुळे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे अशी प्रयोगशाळा स्थापन केली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा पहिला विभाग सुरू झाला. पुढे १९२४ मध्ये म्हैसूर व १९५० मध्ये पुणे येथेही असे विभाग निघाले.

जागा कशासाठी?

ज्या व्यक्तीवर प्रयोग करावयाचा तिला ‘प्रयुक्त’ म्हणतात. दिवा लागताच कळ दाबावयास प्रयुक्ताला साधारणतः एक-पंचमांश सेकंद लागतो. दोन परिस्थितींतील फरक तर सेकंदाच्या काही शतांशांचाच असतो. दार वाजले, कोणी डोकावले, की तो फरक हाती लागत नाही. शिवाय भीती वा कौटुंबिक ताण यांविषयी विचारावयाचे, तर उत्तर तिसऱ्याच्या कानी जाणार नाही याची हमी हवी आणि भरलेल्या प्रश्नावल्यांसाठी कुलूपबंद कपाट हवे. महागड्या उपकरणांपेक्षा शांतता व एकांत यांचीच गरज मोठी आहे.

अडचण कोठे?

अध्यापनावर भर देणाऱ्या संस्थांत खोल्यांची वाटणी बहुधा तासिकांवरून होते. प्रात्यक्षिकाची खोली असलीच तर ती विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी व्यापलेली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितले आहे; पदोन्नतीच्या वरच्या पायऱ्यांवर मात्र पीएच.डी. व शोधनिबंधांची अपेक्षा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अध्यापनप्रधान विद्यापीठांत लक्षणीय संशोधन व्हावे असे म्हटले आहे. अपेक्षा आहे, पण ती पुरी करावयास जागा नाही, असा हा पेच आहे.

बऱ्हाणपूरचे प्रश्न

यात हानी केवळ प्राध्यापकांची होत नाही. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या खडखडाटात राबणाऱ्या कामगाराचे अवधान पाळीच्या अखेरीस किती टिकते? घरी मराठी, शाळेत हिंदी आणि शेजारी उर्दू ऐकणारे मूल वाचन कसे आत्मसात करते? वादळात केळीची बाग आडवी झाल्यावर शेतकरी कुटुंबावरील ताण कसा ओळखावा? परगावी मिळालेली उत्तरे येथे जशीच्या तशी लागू पडतीलच असे नाही.

काय करता येईल?

प्रत्येक अभ्यासास स्वतंत्र दालन लागत नाही. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मृतीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरीक्षणे व मुलाखती शाळेत किंवा गावातही घेता येतात. सूक्ष्म मापनासाठी मात्र एखादी लहान, शांत खोली राखून ठेवावी आणि प्राध्यापकांनी ती वेळापत्रकाप्रमाणे वापरावी. अनेक प्रयोगांचे काम आता साध्या संगणकावर भागते. खरगोन येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठाच्या क्षेत्रात बऱ्हाणपूर जिल्हा येतो. तेथील महाविद्यालयांना सामायिक प्रयोगशाळेचा विचार करता येईल.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी सुटीच्या दिवशी एक वर्ग मोकळा करून दिला, पालकांनी माहिती घेऊन संमती दिली, तरी कामास प्रारंभ होऊ शकेल. आपल्या गावाचे प्रश्न आपल्याच गावात अभ्यासले जावेत, यासाठी एवढे सहकार्य अगत्याचे आहे.