गाडीत ॲम्प्लिफायर बसवताना

गावात आता जीप आहेत, पिकअप आहेत, टेम्पो आहेत. गाडी आली की तिच्यात गाणे हवे. आवाज मोठा हवा म्हणून लोक ॲम्प्लिफायर बसवतात. आवाज वाढवणारी ही पेटी गाडीच्या बॅटरीवर चालते. तार जोडण्यात चूक झाली तर गाडी पेटते. गाडीत तेल असते, मागे बायका-लेकरे बसलेली असतात. म्हणून हे काम नीट समजून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

पुष्कळ जण म्हणतात, "बॅटरी तर 12 व्होल्टची. हात लावला तरी झटका बसत नाही. मग भीती कसली?" झटका बसत नाही हे खरे. पण आग लागते, हेही खरे.

वीज म्हणजे पाटाचे पाणी समजा. व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर. अँपिअर म्हणजे किती पाणी वाहते ते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. पेटी 240 वॅट वीज घेत असेल, तर 12 व्होल्टला 20 अँपिअर लागतात. घरच्या 230 व्होल्टला तेवढ्याच कामाला साधारण एकच अँपिअर पुरतो. अरुंद पाटात जादा पाणी सोडले तर पाट फुटतो. बारीक तारेतून जादा वीज सोडली तर तार तापते, वरचे प्लॅस्टिक वितळते. म्हणून तार जाड आणि तांब्याची घ्यावी. किती जाड, ते पेटीबरोबरच्या कागदावर पाहावे. वाचायला शिकलो ते अशाच कामासाठी!

आता फ्यूज. गाडीचा पत्रा बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेला असतो. अधिक टोकाची तार घासून पत्र्याला टेकली, की शेकडो अँपिअर वीज एकदम धावते. तार लाल होते. फ्यूज असला तर तो उडतो आणि वीज तोडतो. पण फ्यूज पेटीजवळ असला तर मधल्या तारेची राखण कोण करणार? पाटाचे दार पाटाच्या तोंडाशीच असते. तसा फ्यूज बॅटरीपासून एक हाताच्या आत बसवावा. तार जेवढे अँपिअर सोसते, त्याहून मोठा फ्यूज घालू नये. फ्यूज उडाला तर त्या जागी तारेचा तुकडा मुळीच घालू नये. आधी दोष शोधावा.

कामाचा क्रम असा ठेवावा. इंजिन बंद करावे. हातातली अंगठी, कडे काढावे. बॅटरीच्या उणे टोकाची तार आधी सोडावी. मग पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. पत्र्याच्या भोकातून तार नेताना भोकाला रबराची कडी बसवावी. पेटीची उणे तार आखूड आणि तितकीच जाड असावी. पत्र्याचा रंग खरवडून ती नटाने घट्ट आवळावी. गाण्याची बारीक तार जाड तारेपासून दूर, दुसऱ्या बाजूने न्यावी. नाहीतर गाण्यात घरघर येते. शेवटी फ्यूज घालावा, आणि सर्वांत शेवटी बॅटरीची उणे तार जोडावी.

पाव तास गाणे लावून तारेला हात लावून पाहावा. तार गरम लागली तर लगेच बंद करावे आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवावे. इंजिन बंद ठेवून तासन् तास गाणी लावू नयेत. बॅटरी उतरते, मग गाडी ढकलावी लागते.

फ्यूज थोड्या पैशांत मिळतो. जळालेली गाडी परत मिळत नाही, आणि गेलेला जीव तर नाहीच नाही.