दृष्टीचा मध्य

वार्धक्यात दृष्टी मंदावली की तो मोतीबिंदूच असणार, हा समज आपल्या घरोघरी इतका दृढमूल आहे की, पुण्यातील एका नेत्ररुग्णालयाच्या ज्या भागाला सारे ‘पडद्याचा विभाग’ म्हणतात, तेथे येणाऱ्या कित्येक वृद्धांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच होऊन गेलेली असते, ती निर्वेधपणे पार पडलेली असते, आणि तरीही वर्तमानपत्र वाचता येत नाही ही त्यांची तक्रार कायम असते. डॉक्टरांच्या अनुमतीने मी या विभागात बसून तेथील कामकाज पाहिले.

अक्षरांच्या तक्त्यासमोर, न्यायालयात शिरस्तेदारी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. ओळीतील पहिले आणि शेवटचे अक्षर ते बिनचूक सांगत आणि मधले गाळीत. मान किंचित वळवली की ते मधले अक्षर त्यांना गवसे, पण तेवढ्यात शेजारचे निसटे. “अक्षरं जागेवर राहत नाहीत हो,” असे ते त्राग्याने म्हणाले. डोळ्याच्या आतील भिंतीवर पसरलेल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुमारे ५.५ मिलिमीटर व्यासाचा पीतबिंदू असतो, आणि सूक्ष्म दर्शनाची सारी भिस्त त्याच्या केंद्रातील खळगीवर असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे, दृष्टिपटलाचा उर्वरित विस्तार कितीही निरोगी असला तरी, त्याला तितकीशी साधत नाहीत. वयोमानाने या पीतबिंदूखाली पिवळसर निक्षेप साचू लागतात. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट तेथेच थांबते, परंतु काहींचा विकार प्रगत अवस्थेस जातो, आणि तेथवर जाण्याचे मार्ग दोन. शुष्क प्रकारात पेशी हळूहळू नाश पावतात आणि, पावसाळ्यात ओल लागलेल्या भिंतीचा गिलावा पोपडे होऊन गळावा तशी, उजाड क्षेत्रे वर्षानुवर्षे विस्तारत जातात. आर्द्र प्रकारात खालच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर शिरून रक्त व द्रव पाझरू लागतात, आणि पहिल्या प्रकाराला ज्या हानीस वर्षे लागतात ती काही आठवड्यांत उरकून टाकतात.

दोन्हींत कडेची दृष्टी बहुधा शाबूत राहते, आणि गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. अशा माणसाला उंबरठा न अडखळता ओलांडता येतो, परंतु लग्नमंडपात समोर उभ्या असलेल्या व्याह्यांचा चेहरा ओळखता येत नाही. मग तो शिष्ट ठरतो, किंवा सोंग करतो असा आरोप त्याच्यावर घरातच दाखल होतो. शिरस्तेदारांच्या सूनबाईंनी दबक्या आवाजात डॉक्टरांना विचारलेच, “बाबांना फरशीवरून पळणारी मुंगी दिसते, मग फोनवरचा नंबर कसा दिसत नाही?” प्रश्न रास्त होता. मुंगीची हालचाल टिपणे हे कडेच्या दृष्टीचे काम, अंक वाचणे हे मध्याचे.

विकाराची चाहूल खुद्द रुग्णालाही उशिरा लागते, कारण एका डोळ्यातील उणीव दुसरा भरून काढतो, आणि मेंदूही नाहीशा झालेल्या भागावर आजूबाजूचे दृश्य इतक्या बेमालूमपणे पसरवतो की काळा डाग दिसेल ही अपेक्षा पुष्कळदा खोटी ठरते. म्हणून मार्क ॲम्स्लर या स्विस नेत्रतज्ज्ञाने १९४०च्या दशकात प्रचारात आणलेला चौकटींचा तक्ता आजही रुग्णाच्या हाती दिला जातो: १० सेंटिमीटरचा चौरस, त्यात ५ मिलिमीटरची ४०० घरे आणि मधोमध एक ठिपका. वाचनाचा चष्मा लावून, तक्ता सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहावयाचे. रेषा वाकलेल्या वा तुटलेल्या दिसू लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात हजर व्हावयाचे. इतके स्वस्त आणि इतके प्रामाणिक साधन वैद्यकात फार नसावे.

त्यानंतर ओसीटीची खोली. १९९१ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह प्रथम प्रसिद्ध केलेले हे तंत्र, डोळ्याला स्पर्शही न करता, प्रकाशाच्या परावर्तनावरून दृष्टिपटलाचा उभा छेद संगणकावर रेखाटते. “हनुवटी इथं टेकवा, कपाळ पुढं, खुणेकडे बघा,” असे तेथील तरुणी म्हणाली, आणि शिरस्तेदारांनी विचारले, “खूण कुठाय?” आजाराने जो बिंदू हिरावून नेला, नेमक्या त्याच बिंदूने खुणेकडे पाहावे अशी यंत्राची मागणी! तरुणीला हे नवीन नव्हते. तिने ठिपक्याच्या जागी मोठी फुली आणली आणि, “फुलीची टोकं दिसतात ना, ती जिथं मिळत असतील तिथं बघा,” असे सांगून चित्र घेतले. थरांखाली साचलेला द्रव त्यात काळ्या पोकळीसारखा उमटला. उजव्या डोळ्यात इंजेक्शन द्यावयाचे ठरले.

डोळ्यात सुई, या कल्पनेनेच भल्याभल्यांचे धैर्य गळते. प्रत्यक्षात सुईपेक्षा बंदोबस्तच मोठा. कपाळावर उजव्या बाजूची खूण, नावाची फेरतपासणी, बधिरतेचे थेंब, मग पोव्हिडोन आयोडीन, पापण्या दूर ठेवणारी तारेची चाप, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मोजून केलेली खूण, आणि अखेरीस ०.०५ मिलिलिटर औषध. ज्या प्रथिनाच्या प्रेरणेने या रक्तवाहिन्या फोफावतात, ते १९८९ साली नेपोलिओन फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे करून दाखवले. त्याला आवर घालणारे बेव्हासिझुमॅब हे मूळचे आतड्याच्या कर्करोगावरचे औषध. खास डोळ्यासाठी घडवलेले रॅनिबिझुमॅब २००६ साली अमेरिकेत मंजूर झाले, आणि २०११ साली तेथील तुलनात्मक चाचणीत दोन्हींचा दृष्टीवरील परिणाम जवळजवळ समान आढळला. खर्चाच्या विवंचनेत असलेल्या कुटुंबाला याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. आरंभी बहुधा दरमहा एक अशी तीन इंजेक्शने, पुढे डोळा पाहून मुदत वाढवावयाची. काहींना चार अक्षरे अधिक दिसू लागतात, पण मुख्य हेतू आहे ते टिकवण्याचा, आणि बरे वाटते म्हणून तारीख चुकवणारा रुग्ण हीच डॉक्टरांची कायमची डोकेदुखी.

शिरस्तेदारांच्या डाव्या डोळ्याचा विकार मात्र शुष्क. त्याचा प्रसार मंदावणारी दोन औषधे २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाली, परंतु गेलेली दृष्टी तीही परत आणीत नाहीत. म्हणून अखेरीस त्यांना भिंगांच्या खोलीत नेऊन बाजूने पाहण्याचा सराव देण्यात आला. डॉक्टरांचा चेहरा घड्याळाची तबकडी मानावयाचा आणि एकेका आकड्याकडे नजर नेत, कोठे पाहिले असता नाक-डोळे उमटतात ते शोधावयाचे. अकराच्या आकड्यापाशी शिरस्तेदार थांबले. “आता दिसलात! मिशी आहे की तुम्हाला.” सूनबाईंना डॉक्टरांनी खुलासा केला की, येथून पुढे बाबा तुमच्या कानावरून पलीकडे पाहत बोलू लागले, तर ते तुमच्याकडेच पाहत आहेत असे समजा. बाईंनी क्षणभर विचार केला आणि हे केसपेपरवर लिहून मागितले. घरी यजमानांना दाखवावयाचे होते. डॉक्टरांनी औषधांच्या खाली ते मराठीत लिहून सही केली.