गंजावर गंजाचे पांघरूण

गाणे शिकवणाऱ्या माणसाने पिस्तुलाच्या झिलईवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण पोलादाशी आमचाही संबंध रोजचाच. सतारीची पोलादी तार एका विद्यार्थ्याच्या हाताखाली महिनोन् महिने स्वच्छ राहते, तर दुसऱ्याच्या हाताखाली चार दिवसांत काळवंडते. सारा खेळ घामातल्या मिठाचा. पिस्तुलाच्या अंगावरही तोच घाम बसतो. म्हणून झिलई किती टिकेल हे जितके कारखान्यावर, तितकेच बाळगणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

आपल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून परवान्यासह वारशाने आलेले एखादे हत्यार अजून कपाटात असते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी तिच्या पणजोबांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे. तिचे आजोबा मला म्हणाले, "मास्तर, दिवाळीपूर्वी याला निकेल चढवून घ्यावे म्हणतो. अगदी नवे दिसेल." मी त्यांना हात जोडून थांबवले. का, ते सांगतो.

जुन्या रिव्हॉल्व्हरवरचा तो गर्द निळा-काळा रंग म्हणजे रोगण नव्हे, आणि मुलामाही नव्हे. तो गंजच आहे, पण शहाणा गंज! जुनी रीत अशी: घासूनपुसून तेलाचा अंशही न ठेवलेल्या पोलादाला आम्लाचे पाणी लावून ते उबदार, दमट कपाटात ठेवीत. काही तासांत तांबूस गंज धरे. मग तो भाग स्वच्छ पाण्यात उकळीत, की तांबडा गंज काळा होई. वरची भुकटी तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा पाच-सहा फेऱ्या, कधी त्याहून अधिक. रियाजच म्हणाना! पुढे घाईचा जमाना आला. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंशांवर उकळणाऱ्या द्रावणात पोलाद बुडवले की काम होऊ लागले. जर्मन लुगर पिस्तुलांवर हा बदल १९३७ च्या सुमारास झाला, आणि पारखी माणसे त्या सालाच्या अलीकडची व पलीकडची पिस्तुले नजरेने वेगळी काढतात.

मात्र हा निळा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. नुसत्या त्या थराने गंज फारसा अडत नाही. त्याच्या बारीक छिद्रांत तेल धरून राहते, ते तेल अडवते. तेल नसेल तर आपल्याकडचा एकच पावसाळा पुरेसा होतो.

आता निकेल. विजेच्या साहाय्याने चढवलेला हा मुलामा दिसायला देखणा आणि पुसायला सोपा. काळ्या दारूच्या काळात तो लोकप्रिय होता, ते उगाच नव्हे. त्याचा दोष पोटात असतो. मुलाम्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, की ओलाव्यात निकेल स्वतः सुरक्षित राहते आणि खालचे लोखंड अधिकच वेगाने कुरतडले जाते. वरून चकाकी, आत पोखरण; मग एके दिवशी पापुद्रा सुटतो. त्यामानाने निळाई प्रामाणिक. ती नळीच्या तोंडाशी आणि कडांवर उघडपणे झिजते, आणि हत्यार चामड्याच्या म्यानातून किती वेळा बाहेर आले ते सांगते.

उदयपूर-जयपूरकडच्या कोफ्तगरीतही ही झीज वाचता येते. तिथे पोलादावर उभ्याआडव्या बारीक रेघा खरवडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. मुठीवरचे सोने झिजून गेले, तरी खालच्या रेघा राहतात.

नव्या काळाने वर थर चढवण्याचा नादच बऱ्याच अंशी सोडला. १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसनने स्टेनलेस पोलादाचे रिव्हॉल्व्हर काढले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने तप्त क्षारांच्या द्रावणातून नायट्रोजन थेट पोलादातच मुरवला. त्या पिस्तुलाचा वरचा काळा रंग घासून गेला, तरी आतला कठीण भाग शाबूत राहतो. टिकाऊपणात तो सर्वांत सरस, हे मान्य. पण पणजोबांच्या हत्याराला त्याचा काय उपयोग?

खरी भीती निकेलपेक्षा निकेलच्या आधीच्या घासणीची. फिरत्या चाकावर धरले की कडा गोल होतात आणि कोरलेले क्रमांक व परीक्षेचे ठसे पुसट होतात. हे केवळ किंमत घटण्याचे प्रकरण नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार हत्यारावरची ओळखखूण पुसणे गुन्हा आहे, आणि कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. बाजारातल्या मुलामेवाल्याकडे हत्यार देणे म्हणजे दोघांनीही संकट ओढवून घेणे. पूर्वीचा शिकलगार वेगळा, आजचे बफिंगचे चाक वेगळे.

आजोबांनी मग रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुकानदाराकडून तपासून, तेल देऊन घेतले. लाकडी मुठीखाली तांबेऱ्याचे दोन ठिपके निघाले. ते त्याने तेल आणि मऊ कापड यांनीच हळूहळू उतरवले. चामड्याचे म्यान आता निराळ्या खणात असते, कारण कमावलेल्या कातड्यातले क्षार आणि ओल पोलादाला सोसत नाहीत. मुठीच्या मागच्या पट्टीवर निळाई पार गेली आहे. तिथे पोलाद राखी, गुळगुळीत दिसते. नातीने विचारले तेव्हा आजोबा म्हणाले, "तिथे माझ्या वडिलांचा तळहात टेकत असे."